लिफाफा क्रमांक एकतीस

साडेतीनला महाराजपुऱ्याहून विमान उठलं.
पंखांखाली मिठाच्या नळकांड्या,
किलो-किलोच्या; मोजून सही मीच केलेली.

रडारच्या खोलीत कूलर घोंघावतो.
पडद्यावर, सांक नदीच्या खोऱ्यावर, एक ढग:
पोट भरलेलं,
आणि अजून काहीच ठरलेलं नाही त्याचं.

तोमर वरून विचारतो, दीदी, हो की नाही?
मी लिफाफा फोडते.
आत एकच शब्द असतो,
पुण्यातल्या एका यंत्राने नाणं उडवून छापलेला.
हो निघालं तर पेरायचं.
नाही निघालं तर तोमरने ढगाखालून
रिकाम्या हाताने तशाच घिरट्या घालायच्या
आणि मी दोन्ही ढगांचं पाणी
सारख्याच मायेने मोजायचं.
नाहीतर कळणार कसं,
पडलं ते आपण पाडलं
की त्याचं त्यालाच पडायचं होतं?

हे नव्या बाजारात सांगता येत नाही.
तिथे नळ एक दिवसाआड, तोही पहाटे चारला.
जिन्यात बादल्या. रणदिवेताई म्हणतात,
"ढग हातात असताना चिठ्ठ्या कसल्या काढता?"
मी त्यांच्या बादलीत बघते.
तळाला चार बोटं पाणी.
तिघरा धरणाची पातळी मला फुटाइंचांत पाठ आहे;
चार बोटं हे माप आमच्या तक्त्यात नाही.

एकतीस: नाही.

दीदी, तोमर म्हणतो, हा ढग बघा तरी.
बघतेय.
असा मोसमात दोनदा येतो, फार तर.
बटण त्याच्या अंगठ्याखाली,
पण जीभ माझी आहे.
"हो" एकाच अक्षराचं.
"नाही"ला दोन लागतात.

दोन्ही अक्षरं मी उच्चारली.

पाच पंचविसाला धरणाच्या चौकीवरून रामसिया ओरडला,
"अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन, मॅडम!
आपल्या मिठाने कमाल केली!"
मागे पत्र्यावर पाऊस असा
की त्याचं पुढचं बोलणं वाहून गेलं.

रकान्यात लिहिलं: न पेरलेला. ४८.२.

आजवरच्या तिसांतल्या चौदांनी
आमचं मीठ खाल्लं.
काही शिंतडले,
बाकीचे मुरैन्याकडे निघून गेले, मान खाली घालून.
खाल्ल्या मिठाला जागला तो हा एकतिसावा,
ज्याने खाल्लंच नव्हतं.

रात्री जिन्यात रणदिवेताईंनी
माझ्या हातावर साखर ठेवली.
आमची नाही ती, ताई, म्हणायला हवं होतं.
तोंड उघडलं,
आणि खाल्ली.

बत्तिसावा लिफाफा कपाटात आहे.
दिव्यासमोर धरला तरी
आतलं अक्षर दिसत नाही.

धरून पाहिलाय.