भरावाची जमीन

फ्रिजवर चौकटींच्या जाळीचा कागद लावलाय,
मधोमध एक ठिपका.
रोज सकाळी दूध तापेपर्यंत
एकेक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघायचं.
उजवा तर दोन वर्षांपूर्वीच मधून पुसला गेला,
ब्लेडने शाई खरवडली की ट्रेसिंग पेपर
भुरकट होतो, तसा.
आता डाव्याची पाळी.
ठिपक्याखालच्या तीन रेघा
पोट काढून उभ्या आहेत.

रेघेबद्दल मला कुणी शिकवू नये.
एकोणतीस वर्षं सिडकोत ट्रेसर होते.
टी-स्क्वेअर, बारीक निबेचं पेन,
श्वास रोखून एका दमात ओढलेली रेघ.
नेरुळचे सेक्टर माझ्या हाताखालून गेले,
नाले, भरतीचं पाणी धरायची तळी, बसडेपो.
आकडेसुद्धा मीच घातले, स्टेन्सिलने.
आता त्याच नेरुळात
बसचा आकडा शाळेच्या पोरांना विचारते.

वाशीच्या डॉक्टरांनी स्कॅन दाखवला.
आडवा छेद. म्हणजे आमचंच काम.
खाली एक थर, वर एक थर,
आणि मध्येच टेकडी, पारसिकच्या डोंगरासारखी.
"पडद्याखालचा थर सुटलाय, आजी.
खाली पाणी साचलंय."
मी म्हटलं, भरतीचं असेल.
ते हसले नाहीत. तरुण आहेत, बाहेरगावचे.
त्यांना कसं ठाऊक असणार
की आमच्या बाजूची कितीतरी जमीन
मुरूम टाकून दाबून बसवलेली,
आणि तळमजल्यावरच्या वृषालीकडे
दर श्रावणात फरशी बोटभर वर येते,
खालून, न विचारता.

सुई डोळ्यात जाते तेव्हा दुखत नाही.
पिवळं औषध, एक दाब,
मग दोन-तीन काळे बुडबुडे
संध्याकाळपर्यंत डुलत राहतात.
दर सुईला एका ठेवीचं व्याज जातं.
मुलगी म्हणते, टेकडी बसते का बघू.
बसेल. नाही बसली तर
त्याखालचं काय ते सुकेल तरी.

तिथेच बाकावर शेजारी एक म्हातारा होता,
सारसोळ्याचा, जोमा मढवी.
मला त्याचे कान दिसले, खांद्यावरचा पंचा दिसला.
मधे चेहरा नव्हता.
त्यालाही माझा दिसत नसावा,
कारण तो माझ्या खांद्याशी बोलत होता.
"काय नोकरी करायचीस, बाय?"
सांगितलं.
बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
"मंग आमचे खाजनावरनं गेलेली रेघ तूच मारलीस."

खाजण.
नकाशात हे नाव नव्हतं.
दलदलीची एक खूण असायची, तुटक रेघा आणि तीन गवतकाड्या,
ती मी शेकडो वेळा काढली असेल,
जेवायच्या सुट्टीआधी, घाईघाईत.
हो म्हणताना जीभ जड झाली.

"माझे बापाचा बांध व्हता तिथं.
आता तुला रेघ वाकरी दिसते ना?"
"दिसते."
"तो बांध वाकराच व्हता."

मग तो हसला.
हसला असावा. कान मागे सरकले.
तेवढ्यात आतून हाक आली, मंदाकिनी टिपणीस,
आणि मी उठले
दार चुकवून भिंतीकडे.
त्यानेच कोपर धरून वळवलं.

आज सकाळी जाळीवर पेन्सिल टेकवली.
छापील रेघेवरून नाही, मला दिसते तशी.
डाव्या बाजूने सरळ आली,
ठिपक्याखाली उचलली गेली,
फुगली, वळसा घालून उतरली.
हात थरथरला नाही.
खाली तारीख घातली,
आणि कोपऱ्यात, सवयीने,
ट्रेसरची सही.

गॅसवर दूध वर यायला लागलंय.
आवाजावरून कळतं.