गोबी, पहिल्यांदा

छत्तीस वर्षं सेलूच्या जिनिंगवर मी कापूस पारखला.
मुठीत घ्यायचा, दाबायचा, सोडायचा,
तंतू दोन बोटांत ओढून सांगायचो,
यात ओल आहे, यात कवडी,
आणि हा तर रात्री पाणी मारून आणलाय.
गाडीवाला मान खाली घालायचा.

तर एक गोबी आणायला काय अक्कल लागते?

प्रयागच्या डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी.
जालन्याच्या डॉक्टरनं बजावलेलं,
पंधरा दिवस धूर नाही, फोडणी नाही, वाकणं नाही.
म्हणून पिशवी माझ्या हातात आली.

मुमताजबीच्या पालाखाली गड्डे मांडलेले, पाल्यासकट.
मी निवडला त्यातला सगळ्यात थोर,
चारी अंगांनी उमललेला,
पहिल्या वेचणीच्या बोंडासारखा पांढराफेक.
"मामू, वो नको, ये लेओ, छोटा है पन घट्ट है."
मी म्हणालो, पांढऱ्यातलं मला शिकवू नको.

प्रयागनं गड्डा मांडीवर घेतला.
अंगठ्यानं दाबला. टिचकी मारली.
पाला मोडून बघितला,
तो मोडलाच नाही, वाकला.
"म्हातारा आहे."
"असा छान फुटलाय की!"
"बोंड फुटावं. गोबी फुटू नये.
मुमताजनं दिलाच कसा हा तुला?"
मी पाणी प्यायला उठलो.

आता आणलाय तर करायचाच.
कोमट पाणी, मूठभर मीठ, हळद,
आणि गड्डा पालथा.
"किती वेळ?"
"आतलं बाहेर येईपर्यंत."
आतलं आलं. हिरवी, नखाएवढी,
बोंडअळीची धाकटी बहीणच.
काडीवर घेऊन शेवग्याखाली सोडली.
तिला सांगितलं, एकच निघाली.
तीन निघाल्या होत्या.

विळीवर बसताना दोन्ही गुडघे बोलले.
"वरून कापशील तर चुरा होईल.
खालून देठाला चीर दे, मग हातानं उकल."
चीर दिली. उकललं.
तुऱ्यापासून तुरा सुटला
सरकीपासून रुई सुटावी तसा,
आणि पहिल्यांदाच त्या दिवशी
माझ्या बोटांना काहीतरी ओळखीचं लागलं.

मधलं दार लावून घेतलं, धूर तिकडं नको म्हणून.
करडईचं तेल तापलं. मोहरी टाकली.
दारापलीकडून आवाज,
"थांब, अजून तडतडली नाही."
थांबलो.
"आता लसूण."
टाकला.
"जळतोय. गोबी टाक, टाक लवकर!"
ती दाराला कान लावून उभी होती का खाटेवर होती
मला माहीत नाही.
"पाणी घालू नको, झाकणावर ठेव.
तिचं पाणी तिला पुरतं."

झाकणावरचं पाणी थरथरायला लागलं तेव्हा विचारलं,
"हे देठ कुठं टाकू? बळीरामच्या म्हशीला देऊ?"

दार गप्प.

"टाकतो का काय? सोल त्यांना, वरचं धाग्याधाग्याचं काढ,
आतलं घाल भाजीत.
ते नसले तर मी काय खाऊ?"

छत्तीस वर्षं जिनिंगवर.
चाळीस वर्षं हिच्या हातचं ताट.
माझ्या ताटात कायम तुरे, येसर लागलेले, मऊ.
मला वाटायचं गोबी एवढीच असते.

देठ सोलले. आत हिरवट, पाणीदार,
कच्चाच एक खाल्ला. गोड होता.
एवढं गोड तिनं कधी सांगितलं नाही,
का मी कधी विचारलं नाही,
ते मोहरीच्या वासात राहून गेलं.

भाकरी शेजारच्या इंदुमतीनं थापून दिल्या होत्या.
दोन ताटं वाढली.
प्रयाग बोटांनी भाजी चाचपत राहिली,
एक तुरा, दुसरा तुरा, तिसरा.
"देठ कुठं गेले?"

माझं तोंड भरलेलं होतं.

तिनं जरा वेळ वाट बघितली.
मग म्हणाली, मीठ कमी झालंय,
आणि दुसरी भाकर मोडली.