बारमाही

कागल रोडच्या रोपवाटिकेत दिलावर मुल्लाणी
तीन ट्रे पुढं सरकवतो:
अल्बियन, सॅन आंद्रेआस, सीस्केप.
"नावं पासपोर्टवाली, पण पाणी पंचगंगेचंच पितात."

"एकदम घमेलंभर पाहिजे असंल तर हंगामी न्या, अण्णा.
माघात लुटा, मुरंबा घाला, विषय संपला.
ह्या बारमाही. आज दोन, परवा चार.
मूठ भरंल असं नाही, रिकामी राहील असंबी नाही.
ह्या जाती दिवस मोजत नाहीत.
दिवस आखूड असू दे, लांब असू दे,
फुलायचं तेव्हा फुलतात."

मी सीस्केपची सहा रोपं उचलली.
उन्हाला जरा दांडगी, म्हणाला.
पण खरं सांगायचं तर मी त्या एका वाक्याला भुललो.
शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं,
त्यातली निम्मी रातपाळी.
भट्टीला ज्येष्ठ काय अन् पौष काय.
दिवस केवढा असतो
हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.
फार लांब असतो.

राजारामपुरी, अकरावी गल्ली, गच्ची.
रंगाचे रिकामे डबे, बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं,
पोयट्याची माती, गांडूळखत, नदीची वाळू.
वाळू चाळताना हात आपोआप साचा भरल्यासारखा दाबायला लागला,
त्याला आवरलं.
मुळांना मोकळं लागतं. ओतकाम नव्हे हे.

रोपाच्या मधोमध एक गड्डा असतो,
त्याला मुकुट म्हणतात.
पुरला तर कुजतो, उघडा राहिला तर वाळतो.
मातीच्या काठावर, बरोब्बर काठावर बसवायचा.
सहा मुकुट बसवायला मला सबंध सकाळ लागली.
खाली आच्छादन उसाच्या पाचटाचं,
शियेच्या मेव्हण्याकडून पोत्यात भरून आणलेलं,
म्हणजे फळ मातीला टेकत नाही.

मग पहिली फुलं आली
आणि मी ती खुडली.
पद्मजा कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडात तसाच धरून म्हणाली,
"फुलं तोडायला आणलीत व्हय ही?"
सहा आठवडे खुडायची असतात, मूळ धरेपर्यंत,
असं मी सांगितलं.
ती चिमट्यांचा डबा घेऊन खाली गेली.
तिनंही एकतीस वर्षं
सकाळचा चहा दुपारी उकळला होता.

धावते फुटवे कापत राहायचं, नाहीतर फळाचा जीव पोरांत जातो.
एक सोडला.
तो कठड्यावरून शेजारच्या आडमुठे वहिनींच्या
कोथिंबिरीत जाऊन रुजला.
त्या काही बोलल्या नाहीत, पाणी घालतात.

पहिलं फळ मार्गशीर्षात.
अंगठ्याच्या पेराएवढं, खांदे अजून पांढरे,
निम्मं बुलबुलानं नेलेलं.
उरलेलं पद्मजानं सुरीनं दोन केलं.
आपला वाटा खाल्ला, थोडा वेळ लांब टेंबलाईच्या टेकडीकडं बघितलं,
"आंबट हाय," म्हणाली
आणि हात पुढंच ठेवला.

चैत्र सरला आणि फुलं थांबली.
हिरवी जाळी बांधली, दोन वेळा पाणी,
पानांच्या कडा तरी करपल्या.
दिलावरला फोन लावला: बारमाही म्हणालास की!
"व्हय अण्णा, पण वैशाखात तुमीबी दुपारी झोपताच की.
बारमाही म्हंजे रोज न्हवं.
म्हंजे परत परत."

श्रावणात दोन डबे कुजले. चार राहिले.

अजून रात्री दोनला जाग येते,
पाळीतल्या चहाची वेळ.
काल बॅटरी घेऊन वर गेलो.
तिसऱ्या डब्यात, पाचटावर झुकून,
एक पांढरं फूल, पाच पाकळ्या,
मधे पिवळं बटण.
खुडायचं नव्हतं आता.
जिन्यात चपलांचा आवाज आला.
पद्मजा, हातात दोन कप.
"किती?" म्हणाली.
"एक."
ती डब्यापाशी बसली,
बॅटरी बंद कर म्हणाली, झोपू दे त्याला.