काठी

चार वर्षांची असताना दाराच्या कडीला लोंबकळायची.
सहाव्या वर्षी धाकट्याला कडेवर मारून
तांडापेठेतून नाईक तलावापर्यंत गेली,
वाटेत एकदाही खाली ठेवला नाही.
आठ पूर्ण झाले त्या दिवशी म्हणाली,
बाबा, मला लोखंड उचलायचंय.

निनावेकाकू गच्चीवरून ओरडल्या,
"पोरीले तिथं काऊन नेऊन राहिले?
उंची खुंटते नं बाप्पा!"
मी मान खाली घालून चप्पल शोधली.
दहाव्या वर्षी संत्रा मार्केटात
पेट्या वाहायचो मी, फेरीला एक रुपया.
तेव्हा माझ्या उंचीची चौकशी
कोणीच केली नव्हती.
उजवा खांदा अजून
शर्टाच्या बाहीत शिरताना कुरकुरतो.

व्यायामशाळा म्हणजे टिनाचं छप्पर,
पलीकडच्या घरात दोन माग,
पहाटे साडेपाचला खटक खटक,
सहानंतर ऊन टिनावर चढून बसतं.
दमडूजी वस्तादांनी तिचा दंड चाचपला नाही.
म्हणाले, "एका पायावर उभी राय."
राहिली. डुलली. हसत पडली.
"थांब म्हटलं का थांबशील?"
"हो."
"दुखलं तर सांगशील? लपवशील तर नाही?"
ती बराच वेळ विचार करत होती.
"सांगीन."
"झालं मंग. वय झालं हिचं."

आणि कोपऱ्यातून आणली
झाडू गळून गेलेली एक काठी,
निळं प्लास्टिक हातांनी पांढरं पडलेलं.
"हे तुझं वजन."
तिचा चेहरा पाहवला नाही मला.

आठवड्यातून दोन दिवस, काठी.
डोक्याला टेकलेली, पाठीला टेकलेली, माकडहाडाला टेकलेली,
आणि बस, जणू मागं पाट ठेवलाय.
ऊठ. पुन्हा बस. श्वास धरू नको.
बाजूला चौदा वर्षांचा प्रज्वल
आरशासमोर दात आवळून उभा,
वस्ताद एकेक प्लेट काढून घेत गेले, न रागावता,
"कोणाले दाखवून राहिला बे? आरशाले?"
शेवटी त्याच्या हातात नुसती दांडी उरली,
आणि दांडी सरळ वर गेली.

दोन महिन्यांनी तिला मिळाली
कन्हानची वाळू अर्धी भरलेली पाण्याची बाटली.
घरी येताना रस्ताभर तिनं ती
दोन्ही हातांनी धरली होती,
भर बाजारातून दिवा न्यावा तशी.
मी विचारलं, लोखंड कधी?
म्हणाली, "वस्ताद म्हणतात, लोखंड काही पळून नाही चाललं."

रविवारी सिलिंडर आला.
मी वाकलो, जसा मार्केटात वाकायचो,
एका हिसक्यात उचलायला.
"बाबा, थांबा."
मागून पाठीवर काहीतरी टेकलं.
काठी.
डोक्याला लागेना, माकडहाडाला लागेना,
मधल्या कुबडावर
नुसती डुगडुगत राहिली.
"पाहा किती वाकले तुम्ही,"
ती म्हणाली, रागावून नाही,
एखाद्या हरवलेल्या वस्तूबद्दल बोलावं तसं.
"दुखते का? लपवू नका."

मी बराच वेळ विचार करत होतो.
मग सांगितलं.

सिलिंडर दारातच राहिला.
बेचाळिसाव्या वर्षी, बनियनवर,
स्वयंपाकघराच्या फरशीवर
मी एका पायावर उभा राहिलो.
ती मोजत होती.
तीनवर पडलो.
"होते," ती म्हणाली, "मीबी पडली होती."