अडीच विसा

इसाफ्योर्दुरच्या शाळेत डॅनिशचा तास शेवटचा असे,
म्हणजे खिडकीत काळोख आणि पोटात भूक.
आमच्यावर राज्य करून गेलेल्यांची भाषा,
ते गेले तरी शिकावीच लागे.
आजोबा म्हणत, घशात गरम बटाटा धरा आणि बोला, झाली डॅनिश.
आम्ही बटाटाही धरला नाही.
पुस्तकातला येन्स रोज सायकलवरून बेकरीत जाई,
आम्ही जांभया देत त्याच्या मागून.

आकड्यांपाशी तर गाडं पारच रुतलं.
पन्नास म्हणायचं तर डॅनिश माणूस म्हणतो अडीच विसा.
सत्तर म्हणजे साडेतीन विसा,
नव्वद, साडेचार.
"पण का?" स्नाइब्योर्ननं विचारलं.
"कारण ते तसं म्हणतात," हाल्बेरा बाई म्हणाल्या,
आणि पुस्तक मिटलं.
त्यांनाही येन्सचा कंटाळा आला होता,
हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर कॉड होता.
चित्र नव्हे. चौदा किलोंचा, धक्क्यावरून आणलेला,
डोळा उघडा, खाली बर्फाचं पाणी ठिबकतंय हजेरीपटावर.
बाईंनी रबरी एप्रन चढवला, हातात डस्टर घेतला.
"लिलाव. आइसलँडिकमध्ये बोलेल त्याची बोली रद्द."

आधी कुणी बोलेना.
मग मागून कुणीतरी, तीन विसा!
साडेतीन!
हजेरीलाही धड ओ न देणारा स्नाइब्योर्न
बाकावर चढून, चार विसा!
त्यावर कुणी घाईत परत साडेतीन म्हणालं,
बोली गडगडत खाली आली,
आणि हसताना आम्ही हसतोय कुणाच्या भाषेत
याचा हिशेब सुटला.

"अडीच."

यागोदा. खिडकीजवळची, पोलंडची.
ती डॅनिश शिकत होती आइसलँडिकमधून,
म्हणजे एका परक्या घराच्या खिडकीतून
दुसऱ्या परक्या घरात डोकावत.
तिची आई फॅक्टरीत मासे कापायची, रात्रपाळीला.
ती पुढे आली, कल्ला उचलला, बोट आत घातलं, वास घेतला.
"अडीच. मासा परवाचा."
तिच्या डॅनिशनं येन्स सायकलवरून पडला असता.
पण समजलं सगळ्यांना.
डस्टर आपटला, खडूचा धुरळा उडाला:
विकला.

मग तिनं सुरी मागितली.
शेपटीकडून डोक्याकडे, एका दमात,
काहीतरी पुटपुटत पोलिशमध्ये,
आणि शेवटी चिमटीत धरून दाखवला एक काटा.
"ओश्च्."
आम्ही म्हटलं, हाड.
"हाड गाईचं. हे ओश्च्. तुमच्याकडे वेगळा शब्दच नाही?"
हे ती आइसलँडिकमध्ये बोलली
आणि कुणीच काही रद्द केलं नाही.
हजार वर्षं मासे खाऊन जगलेले आम्ही
एकमेकांकडे बघत राहिलो.

बाईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला, चुकीचा.
यागोदानं पुसून नीट लिहिला.
सगळा वर्ग म्हणू लागला, ओश्च्, ओश्च्,
आणि शब्द बरोबर तिथेच अडकत होता
जिथे काटा अडकतो.
बाई सात वेळा चुकल्या. आम्ही मोजलं.
घंटा झालेली ऐकू आली नाही, असं मी म्हणणार नाही,
आली. पण कुणी दप्तर उचललं नाही.

आता मी कोपनहेगनला राहतो.
बेकरीतली मुलगी म्हणते, अडीच विसा,
आणि मी न मोजता पन्नास काढून देतो.
एकदा तिला विचारलं, हा आकडा असा का?
तिला ठाऊकच नव्हतं त्यात वीस आहेत म्हणून.
म्हणाली, आम्ही तसं म्हणतो.
मला एकदम बर्फाच्या पाण्याचा वास आला.

यागोदाचं पुढे काय झालं, माहीत नाही.
मासा शाळेच्या स्वयंपाकघरात तळून सगळ्यांनी खाल्ला.
पैसे मात्र तिनं दिले नव्हते,
एवढं नक्की आठवतं.
बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं,
डॅनिशमध्ये, अक्षरी:
यागोदाकडून येणे.