चौथं घर

स्टेशन रोडच्या दुकानदारानं आधी निकेलची काढली,
मुठीला हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या.
म्हणाला, लग्नात कमरेला शोभती.
मी म्हटलं, मला नवरदेव व्हायचं नाही,
पंचवीस मीटरवरचा कागद फोडायचाय.

दुसरी आखूड नळीची, हलकी.
मागच्या साईटला स्क्रूच नाही.
जिथं बसवली तिथनंच जन्मभर बघणार,
आमच्या फोरमनसारखी.
परत दिली.

तिसरी कपाटाच्या तळाला, चिठ्ठी बांधून जमा ठेवलेली.
वनखात्यातल्या कुणा सरनाईकांची. ते वारले.
सहा इंच नळी, बत्तीस बोअर,
कातड्याच्या पाकिटात घासून कडेचा निळा रंग उडालेला.
किंमत निकेलच्या अर्ध्यावर.

मी उद्यमनगरात बोअर मोजतो, एकवीस वर्षं.
(हो, मोजतो. आमच्यात बायका असंच बोलतात,
पुण्याच्या ऑडिटरला दरवेळी हसू येतं.)
दोन शतांशासाठी अख्खा लॉट माघारी पाठवलाय,
मालकाच्या मेव्हण्याचा होता तरी.
तेव्हा पर्समधनं फिलर गेज काढला.
चक्री आणि नळीतली फट : पंधरा शतांश.
घोडा ओढून चक्री अंगठ्यानं ढकलून बघितली,
मागं पांढरा कागद धरून नळीला डोळा लावला,
आटे वळत वळत उजेडापर्यंत गेलेले, कुठं गंज नाही.
चापाला ताणकाट्याचा हूक अडकवला,
दीड किलोला सुटला,
वाळली शेंग तुटावी तसा.

दुकानदार म्हणाला, बाई, रिव्हॉल्वर घेताय का बेअरिंग?

रविवारी दुधाळीच्या रेंजवर त्यानंच आणली.
परवाना, कोचची सही, सगळं रीतसर.
सहा घरं, सहा कागद.
एकेका घरातनं पाच-पाच गोळ्या,
मनगट वाळूच्या पिशवीवर टेकून,
कारण मला माझा हात तपासायचा नव्हता.
पाच कागदांवर मधोमध दहाच्या नाण्याएवढं भोक.
चौथ्यावर पण तेवढंच, तितकंच घट्ट,
फक्त दोन बोटं डावीकडं.

संध्याकाळी राजारामपुरीत सरनाईक बाईंकडं गेलो.
सांगितलं, चौथं घर जरा वाकडं आहे.
बनवतानाच राहिलंय, तुमच्याकडनं काही झालेलं नाही.
त्यांनी कागद हातात घेतला, खिडकीपाशी नेला.
चहावर साय धरली.

"सहातली एक डावीकडं जायचीच त्यांची.
म्हणायचे, शेवटच्या घटकेला मीच मनगट मोडतो.
पहाटे गच्चीवर उभे राहायचे,
हातात वीट, हात लांब, घड्याळ लावून.
चहा सोडला. तंबाखू सोडली.
मग एक दिवस रेंजच सोडली.
म्हणाले, माझ्यातच काहीतरी वाकडं आहे, इंदू."

मला धीराचं बोलता येत नाही.
म्हटलं, वाकडं हे होतं.
एक गोळी सोडून बाकीच्या मधोमध जात असतील
तर हात सरळ होता त्यांचा.

कागद त्यांनी ठेवून घेतला. घडी घातली नाही.
किमतीत मी पाच हजार कमी मागितले,
मागायचेच होते, पतसंस्थेचा हप्ता मला भरायचाय.
त्या म्हणाल्या, सहा कमी करा.

आता चौथ्या घराच्या पाठीवर
नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे.
सामन्यात मालिका पाचाचीच असते.
पाच भरतो, ते एक मोकळं ठेवतो,
चक्री मिटवतो.
आणि गोळी बाहेर गेली की
तोंडावर आलेली शिवी गिळून
आधी कागदापाशी चालत जातो, मोजायला.