चार रुपयांचा बर्फ

बर्फाच्या कारखान्याचं दार पहाटे साडेचारला उघडायचं.
नायना सायकल भिंतीला टेकवून चार बोटं वर करायचा.
आतला माणूस टोच्याने लादीचा कोपरा फोडून
भुश्श्यासकट आमच्या डब्यात टाकायचा.
मासा अजून पाण्यात, मग बर्फ आधी कशाला,
मी विचारायची.
त्याला ऐकू यायचं नाही.

सतरा वर्षं मागांच्या मधल्या बोळात उभं राहून
त्याचे कान चादरींतच विणले गेले होते.
कुठल्या गावात, कुणाच्या पलंगावर
अजून खटखट ऐकत पडले असतील, कोण जाणे.
आई आधी ओरडून बोलायची,
मग ओरडायचा कंटाळा येऊन विड्यांच्या सुपाशी बोलायची.
मला मात्र त्याने कारखान्यातल्या खुणा शिकवल्या होत्या:
दोन बोटं घासली, धागा तुटला.
मूठ कपाळाला, मुकादम आला.
तळवा पालथा, माग बंद.
एवढ्याच तीन शब्दांत
आम्ही बापलेक नऊ वर्षं निभावलं.

तुळजापूर रस्त्यावर वारा सायकलच्या पुढून यायचा.
गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली,
माझ्या डोक्याला माकडटोपी,
अंगाला डागी मालातली चादर
जिच्यावरच्या मोराची मान विणताना चुकली होती
आणि म्हणून जी आम्हाला मिळाली होती.
हिप्परग्याच्या तळ्यावर धुकं इतकं खाली
की पाणी कुठे सुरू होतं ते पायाला कळायचं.

कणकेची गोळी, गळ, शिशाचा मणी.
दोऱ्याचं टोक माझ्या तर्जनीला दोन वेढे देऊन
नायना म्हणाला, म्हणजे गरजलाच,
पाण्याकडे बघू नको चिन्नी, बोटाने ऐक!
पलीकडून कुणी तरी ओरडलं,
ओ कोंडय्या, हळू की बे, मासं पळत्यात!
तो त्या बाजूला बघून हसला.
त्याला वाटलं, रामराम घातला.

मग खूप वेळ काही नाही.
एक पाणकावळा खुंटावर पंख वाळत घालून बसला.
मी मूठ कपाळाला लावली.
नायना इतका हसला
की त्याला खोकला आला, आणि खोकलाही
त्याला ऐकू आला नाही.

आणि मग बोटाला काहीतरी झालं.
ओढ नव्हे. ओढीच्या आधीचं,
कुणी दाराशी येऊन कडी न वाजवता उभं राहावं तसं.
ओरडून उपयोग नव्हता.
मी दोन बोटं घासली.
त्याने माझ्या खांद्यावरून हात घालून दोरा धरला,
मागावर तुटका ताणा धरावा तसा,
डोळे मिटून.
तळहाताएवढी चिलापी बाहेर आली
आणि गळ सुटताना माझ्या अंगठ्यात रुतला.

डबा उघडला. मासा गवतावर उडत राहिला
आणि बर्फ आधी माझ्या अंगठ्याला मिळाला.
त्याची बोटं त्या बर्फासकट माझ्या बोटांवर,
रक्त गुलाबी होऊन मनगटापर्यंत,
दोघांचेही हात बधिर,
आता कुठला कुणाचा ते सांगता येईना.
चिलापी तेवढ्यात घसरून पाण्यात गेली.
त्याने तळवा पालथा केला. माग बंद.
शेंगाचटणी-भाकरी खाऊन परतलो,
रिकाम्या डब्यातून रस्ताभर पाणी ठिबकत.

परवा त्याच्यासाठी कानाचं मशीन आणलं.
अठरा हजारांचं. डॉक्टरांनी बसवून दिलं.
घरी आला, मिक्सर ऐकला, माझी सून-भावजय ऐकली,
टीव्हीवरच्या बातम्या ऐकल्या अर्ध्या,
आणि काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.
मी जवळ जाऊन ओरडले, का काढलंस नायना?
तो माझा अंगठा हातात घेऊन
जुन्या खुणेवरून बोट फिरवत राहिला.
मग चार बोटं वर केली.

मी सांगितलं नाही
की चार रुपयांत आता बर्फ मिळत नाही.


पहाटेचा गजर लावला, आणि झोपले.